एक दाणा आणि एक खुर्ची

१

"माझी पानं वाटत राहा, आलोच," असं म्हणून हॉयट उठला, स्वयंपाकघराचं जाळीचं दार ढकलून गाडीच्या शेडकडे गेला, तो परत आलाच नाही. थंड बाटल्यांची पेटी तिथे होती. पेटीचं झाकण उघडं होतं आणि शेजारी तो आडवा. मी तोवर सँडविचच्या कडा कापत होते. त्याला कडा आवडायच्या नाहीत. साठी उलटली तरी लहान पोरासारखा ताटलीत बाजूला काढून ठेवायचा.

शनिवारची दुपार होती. शनिवारी दुपारी आमच्या स्वयंपाकघरात पोकर, हे लग्न झाल्यापासून ठरलेलं. डेलमर हा हॉयटचा लंगोटीयार, गावचा न्हावी. दुकान बंद करून यायचा तेव्हा अंगाला तेलापावडरीचा वास असायचा. तो चर्चमध्ये डीकन, म्हणजे पाद्र्याचा मदतनीस, त्यामुळे पैसे लावून खेळला असता तर रविवारी तोंड दाखवायची सोय राहिली नसती. म्हणून आमच्याकडे पैशांऐवजी ठिपक्यांच्या घेवड्याचे दाणे. जो सगळे दाणे जिंकेल त्याने ते बेकन घालून शिजवायचे आणि सगळ्यांना वाढायचे. दुसरा कुको, ट्रॅक्टर दुरुस्त करणारा. त्याच्या मुलीच्या पंधराव्या वाढदिवसाचा केक आम्ही दिला, तेव्हापासून त्यांच्या रीतीप्रमाणे मी त्याची 'कोमाद्रे', मुलीची मानलेली आई. वयाने बरोबरीचा असून मला अहोजाहो करतो.

हॉयटला पुरल्यानंतरच्या शनिवारी दोघं हॅट हातात धरून दारात उभे राहिले. टेबल मी हलवलं नव्हतं. अर्धवट डाव, तिघांचे ढीग, सगळ्यावर नुसता ताट पुसायचा टॉवेल पांघरला होता.

"नेवा, आवरून टाकू का गं हे?" डेलमर म्हणाला.

"तो वाटत राहा म्हणाला होता."

"अगं, ते बोलण्यातलं झालं."

"तुझाच नियम आहे ना? टेबलावरून उठलेल्या माणसाची पानं वाटत राहायची, त्याचे दाणे संपेपर्यंत. का डीकनसाहेबांचे नियम फक्त दुसऱ्यांना?"

कुकोने हॅट फ्रिजवर ठेवली. "नियम तर आहे," तो म्हणाला. "पण दोघांत काय खेळणार, कोमाद्रे? मजा नाही."

"मग मला शिकवा," मी म्हणाले.

हॉयटने मला किती वेळा म्हटलं असेल, नेवा, बस ना जरा. मी सँडविच करायची. आता मी त्याच्या शेजारच्या खुर्चीवर बसले आणि मला एकच गोष्ट हवी होती. त्याच्यापुढचे दाणे संपू नयेत. दाणे आहेत तोवर तो नुसता बाहेर गेलेला माणूस होता.

२

शिकणं काही अवघड नाही, असं डेलमर म्हणाला. तो न्हाव्याच्या सावकाशीने शिकवतो, एकेक बट उचलल्यासारखं.

प्रत्येकाला दोन पानं पालथी. मधे पाच पानं एकेक करून उताणी, ती सगळ्यांची. आपली दोन आणि मधली पाच मिळून सर्वांत चांगली पाच निवडायची. एक जोडी, त्याहून दोन जोड्या, त्याहून तीन सारखी, त्याहून ओळीने पाच, त्याहून एकाच रंगाची पाच. दर डावात आळीपाळीने एकाने पानं न बघता दाणे टाकायचे, म्हणजे डावात काहीतरी असतं. गैरहजर माणसाचे हे दाणे वाटणारा त्याच्या ढिगातून टाकतो. त्याची पाळी आली की त्याची पानं गोळा करून बाजूला. असा तो बसल्या जागी, न बसता, हळूहळू संपतो.

"आणि कुणी दाणे वाढवले नसतील, आणि तुझे आधीच आत असतील," डेलमर म्हणाला, "तर आणखी काही टाकायचं नाही. बोटाच्या सांध्याने टेबलावर दोनदा ठोकायचं. म्हणजे मी थांबलो, पण डावात आहे, पुढे चला."

"सत्ती आणि दुर्री आली तर?" कुकोने मुद्दाम विचारलं.

"तर दुसरा विचार न करता टाकायची. अख्ख्या पत्त्यांत त्यांच्याइतकी भिकार दोन पानं नाहीत. नेवा, बाकी सगळं विसर, एवढं लक्षात ठेव."

ते मी लक्षात ठेवलं. ओळ मात्र मला ओळखता येईना. पानं मधे उलटसुलट पडलेली असली की मला नुसते आकडे दिसायचे. एकदा मी "माझ्याकडे काही नाही" म्हणून पानं उताणी टाकली तर कुको खुर्चीत मागे पडून हसला.

"अहो कोमाद्रे, पाच सख्खी भावंडं दारात उभी आहेत, आणि तुम्ही म्हणता घरी कुणी नाही!"

डेलमरने पानं लावून दाखवली. आठ, नऊ, दहा, गुलाम, राणी. दाणे माझ्याकडे सरकवले.

"पण मी नाही म्हणाले होते."

"तू काय म्हणतेस त्याला किंमत नाही. पालथी टाकली असतीस तर मेली असती. उताणं पडलेलं पान स्वतः बोलतं."

त्या दिवशी मी हसले. हॉयट गेल्यापासून पहिल्यांदा. हसता हसता मी सवयीने त्याच्या खुर्चीकडे बघितलं आणि मग मला उठून सिंककडे जावं लागलं.

३

टकटक मी पुढच्या शनिवारी ऐकली.

त्या डावात हॉयटचे दाणे आत होते. कुणी वाढवलं नव्हतं. कुको थांबला, मी थांबले, आणि डेलमरने हॉयटची पानं उचलायला हात पुढे केला. टक. टक.

डेलमरचा हात तसाच राहिला.

"पेकान," कुको म्हणाला. शेडच्या पत्र्यावर शेजारच्या झाडाचे अक्रोडासारखे पेकान पडत होते, खरंच. हंगामच होता. दिवसभर ठकठक चालू असायची, तिची आम्हाला इतकी सवय की पाहुणे दचकले की हसू यायचं. मीही म्हणाले, हो, पेकान.

पण पत्र्यावरचा आवाज वरून येतो आणि घरंगळतो. हा माझ्या कोपराखाली आला होता, लाकडातून. आणि दुसरा ठोका पहिल्यासारखा नव्हता. पहिला हाडाचा. दुसऱ्यात बारीक किणकिण, धातूची.

हॉयट डाव्या हाताने ठोकायचा. दुसऱ्या ठोक्याला अंगठी लागायची. त्या जागी टेबलाचं पॉलिश गेलंय, बघायचं असेल तर अजून आहे.

अंगठी माझ्या गळ्यातल्या साखळीत होती. मी ती मुठीत धरली. गार होती. इतकं ऊन खिडकीतून अंगावर येत असताना ती गार का असावी, असं मनात आलं, आणि मग वाटलं, धातू गारच असतो, वेडाबाई.

डेलमरने हॉयटची पानं उचलली नाहीत. त्याने मधलं पुढचं पान उताणं टाकलं. पुन्हा आम्ही थांबलो, पुन्हा टकटक. शेवटी डेलमरने हॉयटची पानं उलटली. दश्शीची जोडी. माझ्याकडे गुलामाची होती.

मी माझी पानं पालथी टाकून दिली.

"हॉयटने घेतले," कुको हलक्या आवाजात म्हणाला, आणि दाणे त्या खुर्चीपुढे सरकवले. त्याने छातीवर क्रूस काढला, पण दाणे सरकवले.

४

मी काही खुळी नाही. शाळेच्या स्वयंपाकघरात उभा जन्म काढला. भिंतीतले पाइप, रात्री आकसणारी कौलं, फ्रिजची मोटर, सगळ्यांचे आवाज मला ओळखता येतात. मी टेबलाचे पाय तपासले. कुको पाय हलवतो का ते पाहिलं. तो गेल्यावर एकटीने हॉयटच्या खुर्चीत बसून ठोकून बघितलं. तसा आवाज येत होता, पण फक्त अंगठी बोटात घालून ठोकलं तर.

पेकान संपले. झाड उघडं पडलं, पत्रा गप्प झाला. टकटक थांबली नाही.

ती कधीच चुकीच्या पाळीला आली नाही. कुणी दाणे वाढवले की गप्प. मग डेलमर त्याची पानं गोळा करायचा, आणि गोळा करताना प्रत्येक वेळी मला दिसायचं की त्या दोन पानांचे कोपरे वर वळलेत. हॉयट अंगठ्याने कोपरा उचलून बघायचा, आणि डेलमर कायम त्याच्यावर ओरडायचा की पत्ते खराब करतोस. आता डेलमर ओरडत नव्हता. बोटाने कोपरे सपाट करायचा आणि पिसायचा.

आणि मी हरत होते. त्याच्या डावात मी नेहमी दाणे टाकायची, शेवटपर्यंत जायची, आणि त्याची पानं उलटली की माझी कशीही असोत, पालथी फेकायची. राण्यांची जोडी फेकली, एकदा तीन एक्के फेकले. शिकाऊ बाई हरली तर कोण काय म्हणणार? हॉयटचा ढीग उतरेना. शनिवार ते शनिवार मी जगायला लागले. सकाळी त्याच्यासाठीही कडा कापलेलं सँडविच करायची, आणि नंतर ते मीच खायची. बरं चाललं होतं आमचं.

फक्त टकटक उशिरा यायला लागली. आधी लगेच यायची, पाळी आली की. आता आम्ही वाट बघायचो. भिंतीवरचं घड्याळ वाजत राहायचं, कुको घसा साफ करायचा, आणि मग केव्हातरी, फार लांबून हात उचलून आणल्यासारखं, टक. मग बराच वेळ काही नाही. मग दुसरा.

"दमलाय तो, कोमाद्रे," कुको एकदा म्हणाला.

"तुम्ही तुमची पानं बघा," मी म्हणाले.

५

डेलमर शुक्रवारी एकटाच आला. आत यायला तयार नव्हता. जाळीच्या दाराबाहेर उभा राहून बोलला.

"तीन एक्के फेकलेस तू, नेवा. पिसताना पाहिले मी."

"मला कुठे कळतं एवढं."

"कळतं तुला. ओळ सोडली तर सगळं कळतं." त्याने हॅट हातात फिरवली. "त्याची शेवटची दाढी मी केली. माहितेय ना? शवपेटीत ठेवायच्या आधी. हनुवटीखालचे ते कडक केस, आयुष्यभर वैताग आणलेले, ते काढले. अंगठी मी काढून तुला दिली. तो तिथे होता गं. तिथेच होता. इथे जे काय बसतंय त्याच्याकडे मी मान वर करून बघत नाही, कारण मला बघायचं नाहीये."

"मग येऊ नकोस."

"मी येणार. दाणे संपेपर्यंत वाटणार, शब्द म्हणजे शब्द. पण माणूस उठायला बघतोय आणि तू त्याचा हात धरून बसलीयेस, हे कुठल्या खेळात बसतं?"

माझ्या डोळ्यांत पाणी आलं ते रागाने. तुझी बायको घरी आहे, डेलमर, मी म्हणाले. संध्याकाळी घरी जाशील तेव्हा ती विचारेल, एवढा वेळ का झाला. मला कोण विचारतं?

जाताना जाळीचं दार त्याने हाताने धरून अलगद लावलं, आपटू दिलं नाही.

६

दुसऱ्या दिवशी आभाळ भरलेलं होतं. दुपार असून मी दिवा लावला. डेलमरने पिसून वाटले. मी माझ्या पानांचा कोपरा अंगठ्याने उचलून बघितला.

सत्ती. दुर्री.

मला आनंद झाला. याहून भिकार पानं नाहीत, खेळून हरायला याहून चांगली नाहीत. हॉयटचे दाणे आत होते, मी माझे टाकले. डेलमर आणि कुको दोघांनी पानं टाकली. राहिलो आम्ही नवराबायको.

मधे पंजी पडली, राजा पडला, तिर्री. मी थांबले. बऱ्याच वेळाने टक, आणि टक. मग छक्की. पुन्हा तसंच, आणखी उशिरा. शेवटी चव्वी. माझी एकही जोडी नाही, रंग नाही. मी ठोकलं आणि त्याच्या टकटकीची वाट बघत खाली मान घालून बसले.

टकटक आली नाही. सरसर असा आवाज आला. टेबलावरून मूठभर, ओंजळभर दाणे सरकल्याचा.

मी मान वर केली. हॉयटचा सगळा ढीग टेबलाच्या मधोमध होता. आणि टेबलाच्या कडेला, दिव्याचा उजेड संपतो तिथे, मागे जाणारी एक बाही दिसली. निळ्या चौकटीची. मनगटाशी उघडी, बटण तुटलेलं, दोरा लोंबत होता.

तो शर्ट तो उठून गेला त्या दिवशीचा. सकाळीच मी म्हणाले होते, काढून दे, बटण लावते. त्याला पुरलं ते सुटात.

पुन्हा बघितलं तर नुसती खुर्ची होती.

"सगळे," कुको पुटपुटला. "सगळे लावले त्याने."

डेलमरने डोळे मिटले होते. "नेवा," तो तसाच म्हणाला, "पाळी तुझी. बरोबरी करायची किंवा सोडायचं."

मी पानं सोडली असती तर मधले दाणे त्याचे झाले असते, आणि तो तसाच राहिला असता. बरोबरीने लावले आणि हरले, तर त्याचा ढीग दुप्पट. दुप्पट म्हणजे हिवाळा निघाला असता, कदाचित वसंतही. एवढाच विचार मी केला. ढीग मोजून पुढे लोटला. इतर डावांत जिंकलेले धरून त्याच्याहून माझ्याकडे थोडे जास्तच होते.

नेहमीसारखी मी पानं पालथी टाकू शकत होते. पण मला त्याला दाखवायचं होतं. एकदाच. बघ हॉयट, सत्ती-दुर्रीवर सगळं लावलं मी. मुद्दाम हरतेय रे तुझ्यासाठी. त्याला हसू आलं असतं. म्हणून मी पानं उताणी केली, आणि त्याच्या खुर्चीकडे बघून म्हणाले, "माझ्याकडे काही नाही."

डेलमरने डोळे उघडले. हात लांब करून हॉयटची पानं उलटली. दोन्ही राजे. मधला धरून तीन.

"तीन राजे!" मी टाळी वाजवली. खरंच वाजवली. "घे, तुझे सगळे."

कुणीच दाणे हलवले नाहीत. कुको माझ्याकडे बघत होता, आणि त्याचा चेहरा असा झाला होता की मी हात खाली घेतले.

"काय झालं?"

डेलमर पुढे वाकला. कात्री धरून वाकडी झालेली त्याची तर्जनी टेबलावर फिरली. मधली तिर्री बाजूला घेतली. तिच्याशेजारी चव्वी. पंजी. छक्की. आणि मग माझ्यापुढून सत्ती उचलून त्यांच्या शेवटी ठेवली.

तीन, चार, पाच, सहा, सात.

"नाही," मी म्हणाले. "नाही, डेलमर. मी हरले म्हणाले. मी आधीच म्हणाले."

"पान बोललं गं."

"मी शिकाऊ आहे! मला दिसलं नाही!"

"मला माहितेय, राणी," तो म्हणाला. त्या म्हाताऱ्याने मला आयुष्यात कधी राणी म्हटलं नव्हतं.

तेव्हा खुर्ची मागे सरकली. पाय फरशीवर घासल्याचा साधा आवाज, जेवण झाल्यावर माणूस उठतो तसा. जाळीच्या दाराची स्प्रिंग ताणली गेली. दार उघडलं, जरा वेळ उघडं राहिलं आणि आपटलं. मी धावले. शेडमध्ये गाडी होती, बाटल्यांची पेटी होती, वारा अजिबात नव्हता.

७

बाकीच्या दोघांनीही आपले ढीग माझ्याकडे लोटले, आणि दाणे मी शिजवले. रीत आहे. रात्रभर भिजवले, बेकन घातलं, मंद आचेवर ठेवले, आणि तिघांनी बसून खाल्ले. चांगले मऊ झाले होते. मला घास गिळवत नव्हता, तरी मी संपवले, टाकून कसे देणार ते.

एक दाणा तेवढा मी मागे ठेवला होता. हॉयट म्हणायचा, एक दाणा आणि एक खुर्ची असली की माणूस डावात परत येऊ शकतो.

पुढच्या शनिवारी नवे दाणे काढले. मी तो एक दाणा त्याच्या खुर्चीपुढे ठेवला. डेलमर वाटायला लागला, आणि त्याचा हात थांबला.

"नेवा, तो दाणा त्याचा नाही. तू जिंकलेला आहे."

"वाट."

त्याने कुकोकडे बघितलं. मग वाटले, चार जागी. हॉयटचा दाणा आत टाकला. कुको थांबला, मी थांबले, आणि पाळी त्या खुर्चीची आली. घड्याळ वाजत होतं. मी गळ्यातली अंगठी धरली होती. ती गरम होती, माझ्या हाताने.

बराच वेळ गेला. डेलमर पानं उचलायला हलला नाही. तोही वाट बघत होता, डीकन असून.

टक. टक.

दोन्ही ठोके हाडाचे होते. दुसऱ्यात किणकिण नव्हती. कुको खिडकीबाहेर बघत होता, त्याचा डावा हात टेबलाखाली होता, आणि त्याचे डोळे भरून आले होते.

मी कुकोकडे बघितलं, डेलमरनेही बघितलं. त्याने मधलं पुढचं पान उताणं टाकलं आणि म्हणाला, "हॉयट थांबला. तुझी पाळी, नेवा."

मी माझ्या पानांचा कोपरा उचलून बघितला.